सूपभर दादर

नशिराबाद
८ जानेवारी २०२४

श्री. किरण सोनवणे, वाहक, धुळे आगार, यांस लताबाईचा नमस्कार.

तुम्ही मला ओळखत नाही. तुमच्या घरचा पत्ता मला ठाऊक नाही आणि हे फोनवर बोलण्यासारखं नाही, म्हणून आगाराच्या पत्त्यावर टाकते आहे. ड्युटीवर असाल तर खिशात ठेवा, घरी जाऊन बसून वाचा.

तुमचा जन्म पारोळ्याजवळच्या आमच्या खेड्यात झाला, सन १९७० च्या मार्गशीर्षात. आई भिकुबाई, वडील पुना पाटील, म्हणजे आपले आबा. मी तुमची थोरली बहीण. तुमच्या आधीचे दोन भाऊ वर्षाच्या आत गेले, म्हणून तुमच्या वेळी आपल्याकडे करतात ते सगळं केलं. नाक टोचलं, उखर्डू नाव ठेवलं आणि जन्मल्या दिवशीच उकिरड्यावर नेऊन ठेवलं. घरच्यांनाच नको असलेलं पोर मरण तरी कशाला नेईल, असा त्यातला हिशोब. मग दुसऱ्या बाईने ते उचलायचं, माझं म्हणायचं, आणि आईने तिला सूपभर दादर, म्हणजे आपली रब्बीची ज्वारी, देऊन ते विकत घ्यायचं. एरवी हे घटकाभराचं काम. पण आईला बाळंतपणाचा ताप चढला, दूध नव्हतं. दवाखान्यातल्या नर्स प्रमिलाबाईंनी तुम्हाला उचललं होतं, त्या म्हणाल्या, बारा दिवस पोर माझ्या क्वार्टरमध्ये राहू द्या, बाराव्याला घेऊन जा.

त्याच सुमारास त्यांची धुळ्याकडे बदली झाली आणि त्या तुम्हाला घेऊनच गेल्या. आबांनी धुळ्याला दोन खेपा घातल्या, त्या सापडल्या नाहीत. पोलिसांत जायची आबांना लाज वाटली. पोर उकिरड्यावर ठेवलं होतं हे साहेबाला कोणत्या तोंडाने सांगायचं? शेवटी म्हणाले, देवाची मर्जी. मलाही तसंच वाटतं. देव तारी त्याला कोण मारी. तुम्ही शिकलात, नोकरीला लागलात, सगळं त्यानेच घडवून आणलं.

आबा गेले. आई माझ्याकडे असते, ब्याऐंशी वर्षांची आहे. जेवण तुटलं आहे. दाराची कडी वाजली की विचारते, "मना उखर्डू उना का वं?" एकदा येऊन जा. दुसरं काही मागणं नाही.

लताबाई


धुळे
१९ जानेवारी

लताबाई,

पहिली गोष्ट, त्या नावाने मला हाक मारू नका. कचऱ्यावर टाकलंत आणि कचऱ्याचंच नाव दिलंत. माझं नाव किरण आहे, ते मला वाढवणाऱ्या माईने, तुमच्या प्रमिलाबाईंनी, ठेवलं.

दुसरी गोष्ट. आमच्या आगारात दोघातिघांना अशी हरवलेली नाती सापडली आहेत. आधी पत्र येतं, मग रडणं, मग हक्कसोडीचा कागद. तुम्हाला सही हवी असेल तर कागद पाठवा, न वाचता सही करतो. त्यासाठी म्हातारीचं जेवण तोडायची गरज नाही.

तिसरी गोष्ट, तुम्ही मला नवीन काही सांगितलेलं नाही. माई तेरा वर्षांपूर्वी गेली. जायच्या आधी तिने मला बसवून सगळं सांगितलं. बाराव्या दिवशी ती मला न्हाऊमाखू घालून ओट्यावर बसली होती. बदलीचा हुकूम हातात, सामान बांधलेलं. एक पोरगी डोक्यावर सूप घेऊन आली. दादर ओट्यावर ठेवली आणि म्हणाली, "माय म्हनस, पोऱ्या तुम्हीच ठी ल्या." पोर ठेवून घ्यायला सांगून ती पळाली. माईने मुक्काम एक दिवस वाढवला. कोणी फिरकलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीने ती मला घेऊन निघाली.

तर तुमच्या आईने मला दोनदा टाकलं, एकदा उकिरड्यावर आणि एकदा ओट्यावर. पहिल्या वेळी रीत होती म्हणा. दुसऱ्या वेळी काय होतं? ते सूप अजून माझ्या घरात भिंतीला टांगलेलं आहे. माईने कधी त्यात धान्य पाखडलं नाही आणि कधी फेकलंही नाही.

देवाची मर्जी वगैरे पुन्हा लिहू नका.

किरण प्रमिला सोनवणे


नशिराबाद
३० जानेवारी

किरणभाऊ,

कागदासाठी पत्र लिहायची पाळी पुना पाटलाच्या लेकीवर अजून आलेली नाही. शेत आबा असतानाच विकलं गेलं. उरलंय ते पडकं घर, तुम्हाला हवं तर घ्या, वर माझी ओवाळणीही सोडली.

प्रमिलाबाईंनी तुम्हाला काय सांगितलं ते मी कसं सांगू? पोटी पोर नसलेली बाई. मनाची समजूत घालायला माणूस काहीही धरून बसतं. आईने कोणताही निरोप पाठवला नव्हता. ती तापात होती, तिला दिवस-रात्र कळत नव्हती. शुद्धीवर आल्यापासून आजतागायत ती त्या बाईला शिव्या देते आहे. संक्रांतीला बायका वाण घेऊन यायच्या, तेव्हा हळदीकुंकू लावता लावता म्हणायची, "जिनी मना पोऱ्या चोरा, तिनं वाटोळं व्हवो." मीच तिला गप्प करायची, पाणी द्यायची, पाठीवरून हात फिरवायची. त्रेपन्न वर्षं हेच केलं.

तुम्ही एवढे चिडता, पण मोठ्या मनाने बघा. कृष्णसुद्धा यशोदेकडेच वाढला. प्रमिलाबाई ख्रिस्ती होत्या, तुमच्या शास्त्रातही असं काही असेलच. जे झालं ते देवाच्या मनात होतं म्हणून झालं, असं म्हटलं की माणसाला जगता येतं.

आई काल दोन चमचे भात जेवली.

लताबाई


धुळे
५ फेब्रुवारी

लताबाई,

माझ्या माईला चोर म्हटलंत. ज्या बाईने रात्रपाळ्या करून मला वाढवलं, माझ्यामुळे लग्न केलं नाही, तिच्या वाटोळ्याची प्रार्थना तुमच्या घरात दर संक्रांतीला होते, आणि ते तुम्ही मला कौतुकाने कळवता. वाचून मी इतका संतापलो की पारोळ्याच्या स्टँडवर एका म्हाताऱ्यावर कारण नसताना ओरडलो. नंतर त्याची माफी मागितली. तुमच्याकडून तेवढंही झालं नाही.

आमच्या शास्त्रात असं काही आहे का विचारलंत. आहे. तीस वर्षं रविवारच्या शाळेत मी ते पोरांना शिकवतो. योसेफ नावाचा एक पोरगा होता. बापाचा लाडका, म्हणून भावांच्या डोळ्यांत खुपायचा. भावांनी त्याला कोरड्या विहिरीत टाकलं, मग वाटेने चाललेल्या व्यापाऱ्यांना विकलं. त्याचा अंगरखा बोकडाच्या रक्तात बुडवून बापापुढे ठेवला. बाप म्हणाला, जनावराने खाल्लं माझ्या लेकराला. पुढे योसेफ परक्या देशात गुलाम झाला, तुरुंगात गेला आणि शेवटी राजाच्या कोठाराचा कारभारी झाला. दुष्काळ पडला तेव्हा हेच भाऊ धान्य मागायला त्याच्या दारात आले. त्याने ओळख दिली आणि म्हणाला, तुम्ही माझं वाईट करायला गेलात, पण देवाने त्यातून चांगलं केलं, पुष्कळांचा जीव वाचवला.

लोक हे वाक्य भिंतीवर रंगवतात. पण ते बोललं कोणी, हे कोणी बघत नाही. ते योसेफाने म्हटलं. विहिरीत जो पडला त्याने. भावांनी म्हटलं नाही. भाऊ दारात उभे राहून 'अरे, हे सगळं देवाच्या मनात होतं' म्हणाले असते, तर त्याने त्यांना हाकलून दिलं असतं आणि मी त्याला शाबासकी दिली असती. टाकणाऱ्याला ते वाक्य बोलायचा अधिकार नाही, लताबाई. तुम्ही ते तीन पानांत तीनदा बोललात.

आणि या गोष्टीत मला सगळ्यांत संताप येतो तो विहिरीचा नाही, विकण्याचाही नाही. बाप रडत बसला तेव्हा त्याला धीर द्यायला तीच पोरं उठली. त्याच्याच ताटात जेवली, त्याच्या पाठीवरून हात फिरवला, वर्षानुवर्षं. पोरांना सांगताना त्या जागी माझा आवाज चढतो.

तुमच्या आईला सांगा, ज्या पोरीच्या हाती निरोप पाठवला ती पोरगी माईच्या नीट लक्षात होती. कपाळावर डागाची खूण, फ्रॉकची एक बाही उसवलेली. माई खोटं बोलत नसे.

किरण


नशिराबाद
१८ फेब्रुवारी

उखर्डू,

चिडायचं तर चीड, आज मी याच नावाने लिहिणार. किरणला मी ओळखत नाही, उखर्डूला ओळखते.

कपाळावर डागाची खूण आहे ती मी. लहानपणी पोटदुखीवर भगताने डागलं होतं, पोटावर एक आणि कपाळावर एक. बाही उसवली होती, खरं आहे.

तुझ्या आधीचा भाऊ माझ्या कडेवर असायचा. आई शेतात जायची, मी सात वर्षांची. त्याला जुलाब लागले. मी त्याला पाणी पाजलं, गोधडीत गुंडाळलं, आई येईपर्यंत मांडीवर घेऊन बसले. आई आली तेव्हा तो थंड झालेला होता. तिने माझ्या हातातून त्याला ओढून घेतलं आणि म्हणाली, "तूच खादं मना पोऱ्याले." साऱ्या गल्लीने ऐकलं. पुढे दोन वर्षं कोणी आपलं तान्हं पोर माझ्या हातात दिलं नाही.

बाराव्या दिवशी आईला उठवत नव्हतं, आबा शेताचं बघायला गेले होते. सूप माझ्या डोक्यावर दिलं. दादर दे आणि भाऊ घेऊन ये. मी ओट्याशी पोचले तर बाईंच्या मांडीवर तू. धुतलेलं दुपटं, डोळ्यांत काजळ, त्या तुला चमच्याने दूध पाजत होत्या आणि तू हात हलवत होतास. मला वाटलं, हा माझ्या हातात आला की मरणार. रस्त्यातच मरेल, मी घरी पोचायच्या आत. आणि आई पुन्हा तेच म्हणेल.

म्हणून मी बाईंना खोटं सांगितलं. आणि घरी येऊन दुसरं खोटं सांगितलं की पोराला ताप आहे, बाई दोन दिवसांनी देते म्हणाल्या. आबा तिसऱ्या दिवशी गेले तेव्हा क्वार्टरला कुलूप होतं.

मी नऊ वर्षांची होते. पण दहाव्या वर्षी सांगू शकले असते, विसाव्याही. आई बाईंना शिव्या द्यायची आणि मी तिला पाणी द्यायची. तू त्या भावांचं लिहिलंस ते वाचलं आणि पत्र पिठाच्या डब्यात लपवलं, जसं काही घरात कोणी वाचणारच होतं.

अजून एक आहे. २००९ साली मी माहेरी जायला तुझ्या गाडीत चढले. पुढच्या बाकावर प्रमिलाबाई बसल्या होत्या, म्हाताऱ्या झालेल्या, पण मी त्यांना जन्मात विसरणार नाही. तू त्यांना माई म्हणालास. तिकीट द्यायला वाकलास तेव्हा नाकाला टोचलेलं भोक दिसलं. खिशावरचं नाव वाचलं. तेव्हापासून तुझ्या गाडीची वेळ मला पाठ आहे. दर गुरुवारी, तिसरा बाक, खिडकीची जागा. आई माझ्याकडे राहायला आली, माहेर बंद झालं, तरी पारोळ्यापर्यंत यायची आणि पुढच्या गाडीने परत जायची. घरी सांगायची, दवाखान्यात जाते.

देवाने केलं असं मी म्हणत आले, कारण मी केलं असं म्हणायला तोंड उघडत नव्हतं. आता उघडलं आहे. शिव्या दे. पण आईला येऊन भेट. तिने तुला टाकलं नाही, एकदाही नाही.

लता


नशिराबाद
२५ मार्च

उखर्डू,

पाच आठवडे झाले, तुझं पत्र नाही. चार गुरुवार फाट्यावर उभी राहिले. गाडीवर दुसरा वाहक होता. त्याने सांगितलं, सोनवणेंनी मार्ग बदलून घेतला.

आई अंथरुणाला लागली आहे. डॉक्टर म्हणाले, ज्याला बोलवायचं त्याला बोलवा. मी कोणाला बोलवू?

लता


धुळे
२ एप्रिल

लता,

आता 'तुम्ही' म्हणवत नाही. परक्या बाईला मान द्यावा, तू परकी राहिली नाहीस, हे माझं दुर्दैव.

मार्ग बदलून घेतला, कारण तो तिसरा बाक मला बघवेना. तू आठवतेस मला. तिकिटाचे पैसे नेमके मोजून मुठीत धरणारी, कधी सुट्यांवरून न भांडणारी बाई. वाहकाला अशी माणसं लक्षात राहतात. एकदा तू मला बोरं दिली होतीस. मी ती माईला दिली. माई तेव्हा जिवंत होती, लता. पुढे दोन वर्षं जिवंत होती. दोन बाक ओलांडून तिच्यापाशी गेली असतीस, म्हणाली असतीस की बाई, तो निरोप खोटा होता, तर आईला लेक मिळाला असता आणि माईला मरण्याआधी तिला भेटून विचारता तरी आलं असतं. तिला ते शेवटपर्यंत टोचत होतं. म्हणायची, तुझ्या आईला मी एकदा विचारायला हवं होतं.

आमच्या शास्त्रात आणखी एक बाळ आहे. राजाने हुकूम काढला होता, या लोकांचा मुलगा जन्मला की नदीत टाका. आईने त्याला लव्हाळ्याच्या पेटीत ठेवून नदीकाठी सोडलं. त्याची बहीण दूर उभी राहून बघत होती. राजाच्या लेकीने पेटी उचलली, पोर पाहिलं, तिला माया आली. तेव्हा ती बहीण धावत गेली, म्हणाली दूध पाजायला बाई आणू का? आणि आपल्याच आईला घेऊन आली. पोर आईच्याच पदराखाली वाढलं. मी पोरांना सांगतो, बघा, देवाने काय केलं. पण आता मला दिसतं की देवाने जे केलं ते त्या पोरीच्या पायांनी केलं. ती उभी राहिली, पण धावलीही. तू नुसतीच उभी राहिलीस. त्रेपन्न वर्षं.

नऊ वर्षांच्या पोरीवर माझा राग नाही. तिच्यावर कसा ठेवू? साऱ्या गल्लीदेखत तिला जे ऐकावं लागलं, ते कोणत्याही पोरीच्या वाट्याला येऊ नये. राग आहे तो त्यानंतरच्या बाईवर. तो जाणार नाही, जावा असं मला वाटतही नाही.

मी येईन, एका अटीवर. आईला सगळं सांग. माईने मला चोरलं नाही, तू दिलंस, हे तिला तुझ्या तोंडून कळलं पाहिजे. माईला शिव्या देणाऱ्या घराचा उंबरा मी ओलांडणार नाही, मग आत आई असो की कोणी असो. सांगायची हिंमत नसेल तर पुन्हा पत्र पाठवू नकोस.

किरण


नशिराबाद
१४ एप्रिल

उखर्डू,

सांगितलं.

सहा दिवस तोंडापर्यंत आलं आणि परत गेलं. मरायला टेकलेल्या बाईला कशाला, असं म्हणून मी स्वतःला अडवत होते. मग कळलं की मला तिची काळजी नाही, मला माझीच आहे. ती जाईपर्यंत तिची चांगली लेक राहायचं होतं. मंगळवारी सकाळी तिची वेणी घालताना सांगितलं, मागे बसून, म्हणजे तोंड दिसायला नको. सूप, ओटा, दोन्ही खोटी, तुझी गाडी, सगळं.

तिने माझ्या हातातून केस सोडवून घेतले. चार दिवस तिने माझ्या हातचं पाणी घेतलं नाही. माझ्या सुनेला हाक मारायची. मी खोलीत गेले की भिंतीकडे वळायची. त्रेपन्न वर्षं मी ज्याला भ्याले ते अखेर झालं, आणि मी मेले नाही.

काल तिने सुनेला सांगून मला बोलावलं. म्हणाली, "मीच बोलनी व्हती ना तुले, तूच खादं म्हनीसन?" मी हो म्हटलं. मग म्हणाली, "त्या बाईनं नाव काय व्हतं?" उखर्डू, एवढी वर्षं शिव्या दिल्या आणि तिला नावही ठाऊक नव्हतं. मी सांगितलं, प्रमिलाबाई. तिने दोनदा म्हणून बघितलं.

आज सकाळी दादर मागितली. दिसत नाही, तरी मांडीवर ताट घेऊन बोटांनी चाचपत खडे काढते आहे. उशीला टेकून बसते, थकली की झोपते, उठून पुन्हा निवडते. म्हणते, "मना पोऱ्याले मी सोता इकत लिसू. सूप कोठे शे?" मी म्हटलं, सूप त्याच्याकडे आहे.

माझ्याशी अजून धड बोलत नाही. पाणी मात्र आज घेतलं.

लता


धुळे
१९ एप्रिल

अक्का,

मी येतो.

सूप भिंतीवरून काढलं. पंधरा मिनिटं नुसतं हातात धरून बसलो, मग बायकोने ते पुसून दिलं. कडेची एक काडी निघाली आहे, बाकी चांगलं आहे.

आईला आधीच समजावून सांग. दादर घ्यायला माई नाही. उचलणारीच नसेल तर विकत कोणाकडून घेणार? तेव्हा आईने सूप भरून द्यावं. मी ते धुळ्याला घेऊन जाईन आणि माईच्या कबरीवर पसरीन. तिने घेतलं की मी सुटलो. नाही घेतलं तर मी तिचाच, आईने वाईट वाटून घेऊ नये. तोवर मला उखर्डू म्हणायचं असेल तर आईने म्हणावं. तू म्हणतेच आहेस, तुला कोण अडवणार.

त्या वाक्याचं विचारू नकोस. देवाने यातून चांगलं केलं की नाही, हे मी अजून बोलू शकत नाही. तीस वर्षं पोरांकडून ते पाठ करून घेतलं, गेल्या रविवारी माझ्याच तोंडातून निघालं नाही. कधी निघालं तर तुला कळवीन. तोपर्यंत तू ते उच्चारू नकोस. माझा राग आहे तसाच आहे, तो सोबत घेऊनच येतो आहे.

गुरुवारी २५ तारखेला रजा टाकली आहे. सकाळची भुसावळ गाडी, वाहक दुसरा असेल, मी तिसऱ्या बाकावर. साडेअकराच्या सुमारास नशिराबाद फाट्यावर पोचतो. तू पंधरा वर्षं जिथे उभी राहायचीस तिथेच उभी राहा. गाडी थांबली की सवयीने चढू नकोस. या वेळी मला उतरायचं आहे.

किरण